अकरावं रीळ

२४ जुलै १९७८, सोमवार

डॉक्टरनं आज परत बजावलं, ह्यांच्यासमोर आवाज चढवाचा नाही. म्हटलं, मंग चढवाचा कोणासमोर? लग्न झाल्यापासून मी ह्यांच्यावरच ओरडत आली, दोघांलेही त्याची सवय. दिवाळीत लकवा मारला तेव्हापासून ह्यांची उजवी बाजू गेली अन् वाचाही गेली. नुसतं "हं" म्हणतात. होकाराचं हं, नकाराचं हं, पाणी पाहिजे तरी हं. अशा माणसावर ओरडण्यात काही मजाच नाही. म्हणून कोण्या फिल्म कंपनीनं पाठवलेली ही कोरी डायरी काढली. आता हिच्यावरच ओरडीन. शुद्धलेखन तपासाले कोणी मास्तरीण येणार नाही, तेव्हा जशी बोलते तशी लिहीन.

आमच्या महाल भागातली गोपिका टॉकीज ह्यांची. सासूबाईंचं नाव दिलेली. पिक्चर म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा, असं मी जन्मभर म्हणत आली अन् त्याच धंद्याचं खात आली. एकही पिक्चर पूर्ण पाहिला नाही. अन् आता म्या बाईनंच टॉकीज चालवाची. केशवभाऊजी, म्हणजे माझे दीर, म्हणतात, "वहिनी, विकून टाका. वामनरावजी घेतात, तिथं मोठं मार्केट बांधतात. तुम्ही सुखानं राहा." किती काळजी करतात बिचारे! देवमाणूस. पण म्हटलं, एक वर्ष मले पाहू द्या. ह्यांचा जीव आहे त्या टॉकीजमध्ये. ती गेली तं हे हं म्हणाचंही सोडतीन.

लायसन सप्टेंबरात संपते. वामनरावजी माजी मंत्री. त्यांचा शब्द असला तं लायसन घरपोच येते, नसला तं चपला झिजतात. त्यांले धरून राहाले पाहिजे.

आज भीमाबाईले चांगलीच बोलली. बायकांच्या गेटवर तिची ड्यूटी. मागच्या नाल्यापलीकडून येते अन् पावसाळाभर गुडघ्यापर्यंत ओलं लुगडं घेऊन उभी राहते. सगळ्या पॅसेजमध्ये चिखल. म्हटलं, "वं भीमाबाई, जरा कोरडी येत जा न." तं म्हणते, "पूल झाला का येतो, बाई." पाहा बरं, वर तोंड करून उत्तर! पूल होणारच आहे. वामनरावजींनी पायाचा दगड बसवला न मागच्या इलेक्शनले. हार मीच पाठवला होता. त्याच्या आधीच्या इलेक्शनलेही बसवला होता, तेव्हाही हार आमचाच.

२९ जुलै, शनिवार

अमरावतीहून वितरकाचा माणूस आला, ओमप्रकाश. पानानं तोंड भरलेलं. फरशीवर पोस्टरं पसरली. बंदुका काय, झोपाळ्यावरच्या अर्ध्या कपड्यातल्या बाया काय! म्हटलं, श्रावण येऊन राहिला, काही देवाधर्माचं दाखवा. बाया आल्या पाहिजेत.

शेवटी एक पसंत पडलं. 'अनाथांचा वाली'. पांढऱ्या कपड्यातला पुरुष, हात जोडलेले, कपाळावर टिळा, गळ्यात झेंडूचे हार, डोक्यामागं पिवळा उजेड, अन् पायाशी शंभर माणसं लोटांगण घालून. चेहऱ्यावर काय शांती! विचारलं, "हे कोणते महाराज?" ओमप्रकाश म्हणाला, "महाराज ही समझो, बहनजी."

आमचा मशीन ऑपरेटर नत्थू तिथंच उभा होता. त्याले एकाएकी जोराचा खोकला आला, पाठमोरा होऊन खोकत राहिला. म्हटलं, "काहून गा, पिक्चर चांगला नाही का?" तं म्हणते, "नाही बाई, लय चांगला निवडला. लोकं डोळे पुसत पुसत बाहेर येतात म्हणे." घरी येऊन त्याले अडुळशाचा काढा पाठवला. पावसाळ्यात छाती सांभाळाले पाहिजे.

पोस्टर ह्यांच्यासमोर धरलं. पाहतात तं खांदे हलाले लागले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझेही डोळे भरून आले. आजारपणानं माणूस किती भाविक होते! पूर्वी हेच सत्यनारायणाले प्रसादापुरते येत.

६ ऑगस्ट, रविवार

केशवभाऊजी धरमपेठेत वामनरावजींच्या बंगल्यावर जाऊन आले. पहिल्या खेळाले नारळ फोडाले येतो म्हणाले. भाऊजी म्हणतात, आता लायसन पक्कं समजा. रिक्षावर भोंगा लावून सगळ्या महालात ओरडवलं, 'श्रावणमासानिमित्त सहकुटुंब दर्शन घ्या.' दर्शन हा शब्द माझा.

११ ऑगस्ट, शुक्रवार

कराले गेली गणपती अन् झाला मारुती. पहिल्यापासून लिहिते.

दुपारपासून रांग. बाया तुळशीच्या माळा घालून आल्या. एका बुढीनं तं पायरीवर डोकं टेकवलं. अर्ध्या लोकांनी चपला दाराबाहेर काढल्या, म्हणून भीमाबाईले सांगतलं, चपलांवर लक्ष ठेव. बाल्कनीत वामनरावजींसाठी सोफा, बाजूले मी, मागं केशवभाऊजी. ह्यांलेही खुर्चीसकट वर आणलं, दिवाळीनंतर पहिल्यांदा. वामनरावजी आले पांढऱ्या कडक कपड्यात. टिळा मीच लावला. झेंडूचा हारही मीच घातला. तेव्हा मनात आलं, वामनरावजींले असंच कुठंतरी पाहिलं आहे. पण कुठं ते काही आठवेना.

अंधार झाला. पडद्यावर महाराज झोपलेले, झोपेतही हात जोडलेले. सगळ्या बायांनी नमस्कार केला. मंग सेक्रेटरी चहा घेऊन येते अन् ते जोडलेले हात ओढून ओढून सोडवते, कपबशी धरता यावी म्हणून. महाराज डोळे उघडतात अन् विचारतात, "आज कोणाचं भलं करायचंय? आणि त्यात आपलं किती?"

समोरून एका बुढीचा आवाज आला, "हा कोणता अवतार वं?"

अन् हसू फुटलं. आधी बायकांत, मंग बेंचवर, मंग सगळीकडं. अवं माय! मले घाम फुटला. संत कुठला, चोरटा मंत्री निघाला! मी वामनरावजींकडं पाहिलं नाही. पाहाची हिंमतच झाली नाही. उठून जातीन म्हटलं, पण उठते कसा माणूस? उठला तं सगळे पाहतीन.

पुढं तं कहरच. त्या मंत्र्यानं नाल्यावरच्या पुलाचे पैसे खाल्लेले. पूल नाहीच, अन् उद्घाटन तं कराचं आहे. तं दोन माणसं फीत धरून पाण्यात उभी, बँडवाले गुडघाभर पाण्यात, अन् गावाले हुकूम, पुलावरून चालल्यासारखं चाला. सगळे धोतरं वर करून डुबुक डुबुक चालतात अन् म्हणतात, "वा, काय मजबूत पूल!" एक बुढी मधोमध थांबते, पदर पिळते अन् विचारते, "पूल झाला म्हणता साहेब, मग माजं लुगडं वलं कसं?"

मंग एकेक डोकं मागं वळालं, वर बाल्कनीकडं. सगळा महाल वामनरावजींकडं पाहून राहिला. अन् त्यांनी काय करावं? सवयीनं हात जोडले! टिळा, हार, जोडलेले हात. तेव्हा मले आठवलं कुठं पाहिलं ते. छप्पर उडालं नाही हेच नवल.

त्यातच ह्यांच्या छातीतून घर्र घर्र आवाज. मी घाबरली, म्हटलं दुसरा झटका आला. वाकून पाहते तं हे हसून राहिले. तोंड वाकडं, डोळे बंद, पोट हलून राहिलं.

जाताना वामनरावजी थंडपणे म्हणाले, "कुसुमताई, सत्कार लक्षात राहीन." केशवभाऊजींचं तोंड पांढरंफटक. मी लाजेनं अर्धी झाली.

१२ ऑगस्ट, शनिवार

ओमप्रकाशले ट्रंक कॉल लावला, त्यानं आवाज ऐकून ठेवून दिला. नत्थूले विचारलं, "तुले माहीत होतं का रे?" तो मशीनची काच पुसून राहिला. कोरडीच होती, तरी पुसतच होता. "मले काय माहीत, बाई." खोकला मात्र गेला त्याचा. काढ्याचा गुण आला.

केशवभाऊजी आले. पिक्चर उतरवा म्हणाले. म्हटलं, उतरवते. मी काही कोणाशी भांडाले टॉकीज चालवत नाही. चूक माझी, न पाहता घेतला. जाताना दारात थांबून म्हणतात, "वहिनी, नुसतं उतरवून भागणार नाही. पंधरा ऑगस्टले बंगल्यावर या. माफी मागा."

बरं म्हटलं. माफी मागून कोणाचं काय जाते?

१५ ऑगस्ट, मंगळवार

गेलं बरंच काही.

भाऊजींसोबत धरमपेठेत गेली. झेंडावंदन झालेलं, व्हरांड्यात पंधरा-वीस लोक बसलेले. मले बाजूच्या बाकावर बसवलं. लोक आले, चहा पिऊन गेले, मले पाणीही कोणी विचारलं नाही. मंग आत बोलावलं. पाहते तं पेपरचा फोटोग्राफर उभा, कॅमेरा तयार.

वामनरावजी म्हणाले, "कुसुमताई, तुम्ही मले बहिणीसारख्या. लोकांत गैरसमज झाला. तुम्ही पाया पडल्याचा एक फोटो पेपरात आला का मिटलं."

भाऊजी हळूच म्हणतात, "वाका वहिनी. एका मिनिटाचं काम."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नुसतं पिक्चर काढा म्हटलं असतं तं काढलं असतं, देवाशपथ. पण हा मेला माझ्याकडून त्याचं पोस्टर करून घेऊन राहिला! म्हटलं, "वामनरावजी, फोटोच पाहिजे असन तं आमच्या टॉकीजवर वीस फुटी लागला आहे. पायाशी शंभर माणसं आहेत आधीच. एकशेएकावी मी कायले?"

अन् आली निघून. भाऊजी मागून "वहिनी, वहिनी" करत होते, मी रिक्षा करून सरळ टॉकीजवर. नत्थूले सांगतलं, पिक्चर उतरवाचा नाही. पोस्टर पावसानं फिकं झालं असन तं रंगवून घे, टिळा ठसठशीत कर.

घरी येऊन ह्यांले सगळं सांगतलं. आवाज न चढवता सांगतलं, म्हणून फार त्रास झाला. हे म्हणाले, "हं." हे हं नवीन होतं.

१९ ऑगस्ट, शनिवार

आगीचा इन्स्पेक्टर येऊन गेला. वाळूच्या बादल्या मोजल्या, वाळू बोटानं चाळून पाहिली. म्हणते, वाळू जाड आहे. म्हटलं, "पोळ्या लाटाच्या आहेत का तिच्या?" लिहून घेतलं त्यानं काहीतरी.

काल सहाच्या खेळाले लाइट गेली, फक्त आमचीच. सगळा महाल उजेडात अन् गोपिका अंधारात. म्हटलं, गेले आता लोक. पण एक माणूस उठला नाही. बाया पदरानं वारा घेत बसल्या. बेंचवरचे लोक एकमेकांले पुढची गोष्ट सांगून राहिले. लाइट आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जसं काही मीच आणली.

केशवभाऊजींनी काल सकाळीच सांगतलं होतं, आज लाइट जाईन म्हणून. त्यांले आधीच कसं समजते देव जाणे. पण आपुलकीनं येऊन सांगतात. दुसरा कोण सांगन?

२४ ऑगस्ट, गुरुवार

त्या लुगड्यानं सगळा महाल वेडा केला. रेशन दुकानदार म्हणाला, रॉकेलची गाडी येऊन गेली. तं रांगेतली बाई म्हणते, "मंग माहा डबा कोरडा कसा?" दुकानदारासकट सगळे हसले अन् मागून डबा बाहेर आला म्हणे. भाजीवाली सांगून राहिली, तिचा नवरा म्हणाला आज घेतली नाही, तिनं विचारलं, "मंग तुहं धोतर कुठं हाय?" जिथं कोणी फेकाले लागलं, तिथं लोक आता नुसतं खाली पाहून पायाजवळचं लुगडं झटकतात. बोलाचीही गरज नाही.

एकच माणूस तीन-तीन वेळा येते. हिंगण्याच्या कारखान्यातले कामगार पाळी सुटली की मोटारसायकलींवर टोळीनं येतात. पाठ झाला आहे लोकांले पिक्चर. मंत्री तोंड उघडते त्याच्या आधी बेंचवाले बोलून टाकतात.

मी पिक्चर पाहत नाही. बायकांच्या बाजूचे दोन पंखे आवाज करतात, ते ऐकाले बसते. आज चौथ्यांदा ऐकाले गेली. भीमाबाई माझ्या बाजूले उभी असते. ती कधीच हसत नाही बुढीच्या त्या वाक्यावर. सगळं थेटर लोळते अन् ही गप्प. म्हटलं, "तुले समजलं नाही का वं?" म्हणाली, "समजलं न, बाई." काही काही लोकांले विनोदाचं अंगच नसते.

हे तीनच्या खेळाले रोज खुर्चीसकट जातात. नेलं नाही तं जेवत नाहीत.

३० ऑगस्ट, बुधवार

केशवभाऊजी दुपारी आले. मार्केटचा नकाशा घेऊन आले होते. तिसऱ्या मजल्यावर आमच्यासाठी खोली काढली आहे. ह्यांले खुर्चीसकट तिसऱ्या मजल्यावर कसं चढवाचं हे काही नकाशात नव्हतं. म्हटलं, विकाचं नाही भाऊजी. म्हणाले, "वहिनी, मंग लायसन येणार नाही. तुमच्याच्यानं हे निभणार नाही." म्हटलं, निभवते. हसतीन त्यांचे दात दिसतीन.

मंग रागावले नाहीत, उलट माझीच काळजी. रिळांच्या पेट्या कुठं ठेवता, कुलूप आहे का, किल्ल्या कोणाजवळ. म्हणाले, वामनरावजींचे लोक काहीही करतीन, पेट्यांवर नजर ठेवली पाहिजे, एक किल्ली माझ्याजवळ असू द्या. एक किल्ली नत्थूच्या कंबरेले असते, दुसरी देवघरातली काढून भाऊजींले दिली. रक्ताचं माणूस ते रक्ताचं. मोठं ओझं उतरलं डोक्यावरचं.

२ सप्टेंबर, शनिवार, पोळा

उद्या मारबतीची मिरवणूक. मागच्या गल्लीत बांबूचा एक भला मोठा बडग्या बनवून राहिले. दरवर्षी गावाले जे पिडते त्याचा असा पुतळा करतात, मिरवतात अन् जाळतात. नत्थूनं जुनं पोस्टर मागितलं, कायले ते सांगतलं नाही. दिलं. मी काही विचारलं नाही.

३ सप्टेंबर, रविवार, मारबत

आताच आली. अंगावरचं बदललंही नाही. पहिले लिहिते.

सकाळपासून गल्लीत ढोल. काळ्या मारबतीचा पुतळा गेला, पिवळीचा गेला, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडून लोकांचे घसे बसले. त्यांच्यामागं बडग्या. हात जोडलेला, झेंडूचे हार घातलेला, धोतर गुडघ्यावर अन् पाय पाण्याच्या टबात. डोकं आमच्या पोस्टरचं. मिरवणुकीतले अर्धे लोक गुलालासकट तीनच्या खेळाले आले. उभं राहाले जागा नव्हती. पुढच्या रांगेत वामनरावजींचे आठ-दहा लोक बसलेले, हाताची घडी घालून. म्हटलं, हे काहून आले?

इंटरवलमध्ये नत्थू धावत आला. तोंड उतरलेलं. "बाई, अकरावं रीळ नाही. पेटी हाये, कुलूप हाये, आत रीळ नाही."

"कुलूप तोडलं का?"

"नाही."

तोडलं नाही म्हणजे किल्लीनं उघडलं. अन् किल्ल्या दोन. मी नत्थूच्या कंबरेकडं पाहिलं. त्याची किल्ली तिथंच लटकत होती. ह्या वहीत मी केशवभाऊजींले देवमाणूस लिहिलं आहे. लाइटीचं आधीच समजे. आगीच्या इन्स्पेक्टरचंही समजलं असन. नकाशा खिशात घेऊन फिरत होता मेला. मी भैताड! ती पानं फाडणार नाही. राहू दे तशीच.

नत्थू म्हणाला, "दहाव्याले बारावं जोडून देतो, बाई. हंगामा नको."

म्हटलं, "लोकांले बारावं येण्याआधी अकरावं पाठ आहे. कोणाले फसवतो रे? दहावं संपलं का मशीन थांबव. दिवा चालू ठेव."

दहावं संपलं. पडदा पांढरा झाला. मी पडद्यासमोरच्या कट्ट्यावर चढली. आयुष्यात कधी चार लोकांसमोर बोलली नाही, उखाणा सोडून. राग इतका होता का आवाज आपोआप चढला. म्हटलं, "अकरावं रीळ चोरीला गेलं. पुलाचं. कोणी नेलं ते मले माहीत आहे, कोणासाठी नेलं ते तुम्हाले माहीत आहे. ज्याले पैसे वापस पाहिजे असतीन त्यानं खिडकीवर या."

पुढच्या रांगेतला एक टाळी वाजवून म्हणाला, "चला, खेळ खतम!"

कोणी उठलं नाही. मले वाटलं, आता शिव्या पडतीन. तेवढ्यात मागच्या बेंचवरून एक आवाज आला, अगदी त्या मंत्र्यासारखा गोड, "बंधूंनो आणि भगिनींनो, आज या भव्य पुलाचं उद्घाटन करताना माझा ऊर भरून येतोय."

दुसरीकडून कोणी तोंडानं बँड वाजवला. मंग सगळे लागले. मारबतीचे ढोलवाले आतच होते, त्यांनी ढोल लावले. दोन गुलालानं लाल झालेले लोक एका बाईचा दुपट्टा फीत म्हणून धरून मधल्या वाटेत उभे राहिले. हिंगण्याच्या पोरांनी पँटी गुडघ्यावर चढवल्या अन् डुबुक डुबुक चालाले लागले. तोंडानंच पाण्याचा आवाज. "वा, काय मजबूत पूल! वा, काय मजबूत पूल!" पूर्ण अकरावं रीळ, एक शब्द कमी नाही. वामनरावजींच्या लोकांच्या दोन्ही बाजूनं गाव पुलावरून चालत होतं. नत्थूनं दिवा चालूच ठेवला होता, सगळ्यांच्या सावल्या पडद्यावर.

मंग बुढीची जागा आली. सगळे थांबले. ते वाक्य बाईनं बोलाचं, म्हणून सगळे माझ्याकडं पाहाले लागले. मलेही पाठ होतं, चारदा पंखे ऐकले होते न. तोंड उघडलं अन् खाली पाहिलं. माझं लुगडं कोरडं होतं. कोणत्या तोंडानं म्हणू?

बायकांच्या गेटवरून भीमाबाई चालत आली. मधल्या वाटेनं, सावकाश. आज सकाळी पाऊस पडला होता, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, काठाले नाल्याचा चिखल. पडद्याच्या उजेडात आली, निऱ्या हातात धरल्या अन् पुढच्या रांगेतल्या लोकांसमोर उभी राहून पिळल्या. पाणी त्यांच्या बुटांवर पडलं.

"दोनदा दगड बसवला, साहेब. पूल झाला म्हनता. मंग माहं लुगडं ओलं कसं?"

कोणी हसलं नाही. मी इतके दिवस तिले म्हणत होती, कोरडी येत जा. ह्या बाईनं रोज हे वाक्य नेसून माझं दार सांभाळलं अन् मी तिले विनोद समजत नाही असं लिहून ठेवलं.

मंग वर बाल्कनीतून घर्र घर्र आवाज आला. हे. अन् त्यांच्यामागं सगळं थेटर. हसणं का ओरडणं ते सांगता येत नाही. पुढच्या रांगेतले लोक उठले अन् बाजूच्या दारानं निघून गेले, मान खाली घालून, बुटाले चिखल. कोणी त्यांले अडवलं नाही. नत्थूनं बारावं रीळ लावलं.

खेळ सुटल्यावर भीमाबाई म्हणाली, "या न बाई, चहा घ्याले." इतक्या वर्षांत तिनं कधी म्हटलं नव्हतं अन् मी कधी नाल्यापलीकडं गेली नव्हती. म्हटलं, चल. नाल्याच्या काठाशी पायाचे दोन्ही दगड शेजारी शेजारी. एकावर बकरी बसली होती. पाणी गुडघ्याच्या वर, ओढ अशी का मी भीमाबाईचा खांदा धरला. ही बाई हे रोज करते, दिवसातून दोनदा. तिच्या घरी बुद्धाच्या तसबिरीखाली बसून बिनदुधाचा चहा घेतला. चांगला होता. तशीच नाल्यातून परत आली.

घरी आली तं केशव ह्यांच्या खाटेजवळ बसलेला. आता भाऊजी म्हणून लिहिणार नाही. म्हणते, "वहिनी, रीळ गेलं म्हणे. फार वाईट झालं."

मी हात पुढं केला. "किल्ली."

मंग खिशातून काढून दिली. म्हणाला, "लायसन येणार नाही, समजून ठेवा."

म्हटलं, "नाही आलं तं दारासमोर उभी राहून तोंडानं खेळ दाखवीन. महालाले पाठ आहे. तुझ्या वामनरावले सांग, किती तोंडांच्या किल्ल्या आहेत त्याच्याजवळ ते पाह्य."

गेला. चप्पल उलटी घालून गेला.

मी ह्यांच्याजवळ बसली. हे माझ्याकडं पाहत नव्हते, खाली पाहत होते. लुगड्याच्या काठाचं पाणी फरशीवर थेंब थेंब पडून राहिलं होतं. ह्यांनी डाव्या हाताचं बोट उचललं, माझ्या लुगड्याकडं केलं. मान ताणली, ओठ वाकडे झाले. म्हटलं, आता हं म्हणतीन.

"क... सं?"

दिवाळीनंतर पहिला शब्द. मी डॉक्टरचं सगळं सांगणं विसरली अन् चांगली गल्लीभर ऐकू जाईन अशी ओरडली, "अहो, पूल झाला न!"